‘कच्चा लिंबू’ व्हायला लाजू नका

गल्लीत पकडापकडी रंगली की एखादं चार-पाच वर्षांचं पोर ‘मी पण!’ म्हणत मध्ये घुसायचं. मोठी मुलं त्याला ‘कच्चा लिंबू’ करून घ्यायची. त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण धावायला आणि ओरडायला पूर्ण मुभा असायची. व्हिडीओ गेम सुरू करताना पडद्यावर येणारा ‘ईझी, नॉर्मल की हार्ड?’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. परीक्षेत काठिण्यपातळी दुसरं कुणी ठरवतं, इथे ती आपण ठरवायची असते.

पण मोठेपणी ‘ईझी’वर बोट ठेवायला मन तयार होत नाही. गेम बनवणाऱ्यांनीही या संकोचाला खतपाणी घातलं. १९९२ मधल्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त सर्वांत सोपी पातळी निवडली की नायक बाळाचं टोपडं घातलेला दिसायचा! मग दिवसभर दमलेला माणूस रात्री दहाला विरंगुळा म्हणून गेम लावतो, हट्टाने ‘हार्ड’ निवडतो, एकाच ठिकाणी वीस वेळा हरतो आणि ‘आता शेवटचा डाव’ म्हणत रात्रीचा दीड वाजवतो. विरंगुळा मिळत नाहीच, झोपही जाते आणि सकाळची चिडचिड घरच्यांच्या वाट्याला येते.

ही चिडचिड येते कुठून? ऑक्सफर्ड आणि रॉचेस्टर विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात मारामारी काढून टाकलेला गेम काहींना सरावाशिवाय, तर काहींना बटणांची ओळख करून दिल्यावर खेळायला दिला. सराव न मिळालेल्यांच्या मनात आक्रमक भावना अधिक आढळल्या. ‘आपल्याला काही जमतच नाही’ ही भावनाच माणसाला डिवचते, मग पडद्यावर रक्त असो वा नसो.

याची दुसरी बाजू मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडली. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू अशांशी बोलून त्याने ‘फ्लो’ म्हणजे तल्लीनतेची संकल्पना पुढे आणली. आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठं असेल तर चिंता वाटते, फार लहान असेल तर कंटाळा येतो. दोन्ही तोलामोलाचे असले की भान हरपतं. कुस्तीत बरोबरीची जोड लावतात, तसंच हे.

मग किती हरावं? २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, साधारण ८५ टक्के उत्तरं बरोबर आणि १५ टक्के चूक येतील इतकं काठिण्य असताना शिकणं सर्वांत वेगाने होतं, असं गणित मांडलं होतं. ते विशिष्ट प्रकारच्या शिकण्यापुरतं आणि मुख्यतः संगणकीय प्रारूपांवर आधारलेलं आहे, त्यामुळे गेमला जसंच्या तसं लावू नये. पण त्यातलं सूत्र उपयोगी आहे: अधूनमधून हरावं, सारखं नाही.

पातळी निवडताना एक साधी कसोटी लावा. हरल्यावर ‘माझं काय चुकलं’ हे सांगता येतंय का? येत असेल तर पातळी योग्य आहे. पाच-सहा वेळा हरूनही सांगता येत नसेल तर एक पायरी खाली उतरा. न हरता जांभया येऊ लागल्या तर वर चढा. दमलेल्या रात्रीची पातळी आणि रविवार सकाळची पातळी एकच असायला हवी असं नाही.

बोटांचा संधिवात, कंप किंवा कमी दिसणं असेल तर सोपी पातळी ही सवलत नसून गरज असते. ‘सेलेस्ट’ या २०१८च्या अवघड गेममध्ये वेग कमी करण्याची सोय मुद्दाम दिली आहे.

मुलांच्या बाबतीत पालकांनी ‘एवढंही जमत नाही?’ असं म्हणणं टाळावं. रिमोट फेकणाऱ्या मुलाला आधी ‘कुठे अडतंय?’ विचारा आणि पातळी दोघं मिळून बदला. मात्र खेळण्यावर ताबाच उरला नसेल, अभ्यास, झोप, माणसं मागे पडत असतील आणि नुकसान दिसूनही खेळ थांबत नसेल, तर प्रश्न पातळीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं.

गल्लीतला कच्चा लिंबू कायम कच्चा राहत नसे. खेळात टिकून राहिल्यामुळेच त्याचे पाय तयार होत आणि एके दिवशी तोच म्हणे, ‘आता माझ्यावर पण राज्य येऊ दे.’ पातळी वाढवायची वेळ ओळखायची, ती अशी.