सातशे सहा पुस्तकं माघारी

१८५३ सालच्या ऑक्टोबरात कॉन्कर्ड गावातल्या एका घरापुढे पुस्तकांनी भरलेली गाडी येऊन थांबली. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव बॉस्टनपासून वीसेक मैलांवर, वस्ती जेमतेम दोन हजार. गाडीतला माल म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोचं पहिलंवहिलं पुस्तक. चार वर्षांपूर्वी स्वतः खर्च सोसून हजार प्रती काढल्या होत्या. त्यांतल्या २१९ खपल्या, ७५ फुकट वाटल्या गेल्या आणि उरलेल्या ७०६ प्रकाशकानं तळघर मोकळं करायचं म्हणून परत पाठवल्या. थोरोनं ते गठ्ठे पाठीवर घेऊन माडीवर चढवले. मग रोजनिशीत नोंद केली, की आता आपल्या संग्रहात नऊशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यांतली सातशेहून जास्त आपण स्वतःच लिहिलेली आहेत.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण अमेरिकेत हे न विकलं जाण्यामागे कायदाही होता. परदेशी लेखकांना तिथं कॉपीराइटचं संरक्षण १८९१ पर्यंत नव्हतंच. डिकन्सची नवी कादंबरी जहाजातून उतरली, की न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे छापखाने ती छापून मोकळे, आणि लेखकाला देणं काही नाही. फुकटचा डिकन्स हाताशी असताना मानधन मागणारा घरचा लेखक छापायचा कुणी? १८४२ मध्ये डिकन्स स्वतः अमेरिकेत गेला आणि भाषणांतून त्यानं हे गाऱ्हाणं मांडलं, तर तिथली वर्तमानपत्रं त्यालाच पैशाचा लोभी म्हणू लागली. इंग्रजांचं राज्य जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, कपाटं मात्र इंग्रजांचीच होती. अमेरिकन पुस्तक वाचतं कोण, हा इंग्रज टीकाकार सिडनी स्मिथचा १८२० मधला खवचट सवाल झोंबला तो त्यामुळेच.

नोआ वेब्स्टरनं यावर भाषेपासूनच उपाय सुरू केला. सत्तरी गाठता गाठता, १८२८ मध्ये, त्यानं सत्तर हजार शब्दांचा कोश काढला आणि ‘कलर’मधला ‘यू’ कायमचा हाकलला. मग ३१ ऑगस्ट १८३७ रोजी राल्फ वाल्डो इमर्सन हा पाद्रीपण सोडलेला गृहस्थ हार्वर्डच्या विद्वानांपुढे उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की युरोपची शागिर्दी आता पुरे. ऑलिव्हर वेंडेल होम्सनं पुढं या भाषणाला बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हटलं.

जाहीरनामा निघाला खरा, पण वाचक कुठं होते? इमर्सनच्या मित्रमंडळींनी १८४० मध्ये ‘द डायल’ हे त्रैमासिक काढलं. पहिली संपादक मार्गारेट फुलर. चार वर्षांत ते बंद पडलं, वर्गणीदार तीनशेच्या वर कधी गेलेच नाहीत. (मराठीत नियतकालिक चालवलेल्या माणसाला हा आकडा वाचून घरच्यासारखं वाटेल.) पण या अंकांत छापलं काय होतं, ते पाहून मी थक्क झालो. १८४२ मध्ये हितोपदेशातले उतारे, १८४३ मध्ये मनुस्मृतीतले! आपल्या मातीतलं साहित्य उभं करायला निघालेली ही माणसं इंग्लंडकडे पाठ फिरवून बघत होती ती गंगेकडे. तेही कंपनी सरकारच्या काळात इथं आलेल्या इंग्रजांनी केलेल्या भाषांतरांतून!

थोरोचं घर बांधणंही असंच उसनवारीचं. १८४५ च्या मार्चअखेर तो एक कुऱ्हाड उसनी घेऊन वॉल्डन तळ्याकाठी गेला. कुऱ्हाड परत केली तेव्हा तिची धार आणली त्याहून तेज होती, हे तो ऐटीत सांगतो. जागा इमर्सनची. फळ्यांसाठी एका आयरिश रेल्वे मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला घेऊन मोडलं. दहा बाय पंधरा फुटांच्या त्या खोलीचा खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचं तर अठ्ठावीस रुपये दोन आणे. हे दोन आणेसुद्धा त्यानं पुढं ‘वॉल्डन’ या पुस्तकात नोंदवले. पुढं माघारी आलेल्या त्या पुस्तकाचा खर्डा याच खोलीत झाला.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर माणसं करवती घेऊन तळ्यावर उतरली. तेव्हा बॉस्टनचे व्यापारी गोठलेली तळी कापून बर्फाच्या लाद्या जहाजांनी दूरदेशी विकत. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं. चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. दारी ही करवतींची खरखर आणि हातात चार्ल्स विल्किन्सनं १७८५ मध्ये भाषांतरित केलेली गीता! थोरोच्या डोळ्यांपुढं मुंबई, मद्रास, कलकत्त्याची माणसं त्याच्या तळ्याचं पाणी पिताना आली. प्रत्यक्षात तळ्याकाठी रचलेल्या दहा हजार टनांच्या त्या ढिगातला थोडाच बर्फ गेला. बाकीचा १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत विरघळत तळ्यातच परतला.

‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आलं. त्याच्या आगेमागे हॉथॉर्नचं ‘द स्कार्लेट लेटर’, त्यालाच अर्पण केलेलं मेलव्हिलचं ‘मोबी डिक’, आणि १८५५ मध्ये व्हिटमनचं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’. व्हिटमननं यातले काही खिळे ब्रुकलिनच्या छापखान्यात स्वतः जुळवले होते, आणि मुखपृष्ठामागच्या पानावर, जिथं लेखकाचं नाव असतं, तिथं ते घातलंच नव्हतं. इमर्सननं खासगी पत्रात वाहवा केली, तर या बहाद्दरानं न विचारता ती पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापली.

त्याच १८५५ मध्ये थोरोकडे पुन्हा पुस्तकं आली. एका इंग्रज मित्रानं भेट पाठवलेले ४४ खंड होते, बहुतेक सगळे भारताविषयीचे. ती येणार हे कळल्यावर थोरोनं आधीच तयारी करून ठेवली होती. नदीत वाहून आलेली लाकडं गोळा करून त्यानं त्यांच्यासाठी कपाट केलं होतं.