निवड न करणारे ग्रंथालय

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे मोल त्याच्या निवडीवर ठरते. कोणती कादंबरी घ्यायची, कोणते मासिक बंद करायचे, हे तिथली समिती वाचकांची आवड आणि हातातले अनुदान पाहून ठरवते आणि ते योग्यच आहे. अभ्यासकाची गरज मात्र वेगळी असते. जुने पंचांग, बाद झालेले क्रमिक पुस्तक, जत्रेत विकले गेलेले वगाचे चोपडे, एखाद्या ज्ञातिसंस्थेचा वार्षिक अहवाल यांना त्या काळच्या कुठल्याही समितीने सहसा कपाटात जागा दिली नसती. आज त्या काळाचा सामाजिक इतिहास लिहायला बसले की नेमके हेच कागद लागतात. उद्याचा अभ्यासक काय विचारील, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच कायद्याने ज्यांच्याकडे पुस्तके जमा होतात, त्या सरकारी ग्रंथालयांना संशोधनात पर्याय नाही. निवड न करणे हेच त्यांचे बळ आहे.

या व्यवस्थेचे मूळ १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यात आहे. छापखान्यांवर नजर ठेवणे हा इंग्रज सरकारचा एक हेतू होता. पण छापलेल्या पुस्तकांच्या प्रती जतन करणे हा उद्देशही कायद्यात स्पष्ट लिहिलेला होता. त्यातली पुस्तकाची व्याख्या फार उदार होती. जाडजूड ग्रंथाबरोबर चार पानी पत्रक, स्वतंत्र छापलेला नकाशा, संगीताचा सुटा कागद हे सारे तिच्यात बसत होते. प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवून ती दर तिमाहीला सरकारी राजपत्रात छापली जाई. या नोंदीत नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशक, पाने, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, खिळ्यांवर छापले की शिळाछापावर, किंमत काय आणि हक्क कोणाकडे, एवढे सारे असे. म्हणजे एखाद्या पुस्तकाची एकही प्रत हाती लागली नाही, तरी ते किती प्रतींत निघाले आणि काय किमतीला विकायला ठेवले होते, हे कळू शकते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकवर्गाचा अंदाज बांधायला याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळेल. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर नवे बंधन आले. प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पोचवायची. १९५६ मध्ये वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही या कायद्याखाली आली.

निवड न केलेल्या संग्रहात शिरायचे, तर निवड वाचकाला करावी लागते. तिचे साधन म्हणजे सूची. थेट कपाटाकडे जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. सूचीतून जाणाऱ्याच्या हाती लागते. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा पहिला मुक्काम. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी छापील पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली यादी १८९२ साली निघाली; इथे न सापडलेली प्रत लंडनला आहे का, ते तिच्यावरून कळते. १९५८ पासून निघू लागलेली भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५४ च्या कायद्याखाली जमा झालेल्या पुस्तकांवरच तयार होते. तिच्यात मराठी नावेही रोमन लिपीत आहेत, हे ध्यानात ठेवून शोधावे. सूचीतली नोंद उतरवून घेतली की मग संदर्भ विभागाकडे जायचे. ‘स्त्रीशिक्षणावर काही आहे का?’ या प्रश्नाने ग्रंथपालाचा आणि आपला दोघांचाही वेळ जातो. ‘१८८० ते १९०० मध्ये पुण्यात छापलेली मुलींच्या शाळांची क्रमिक पुस्तके’ असे विचारले, तर तोच ग्रंथपाल आपल्याला ठाऊक नसलेल्या नोंदवहीपर्यंत नेऊ शकतो. काळ, ठिकाण आणि छापील साहित्याचा प्रकार या तीन गोष्टी ठरवून गेले की निम्मे काम होते.

आता सगळे इंटरनेटवर असताना ही यातायात कशाला, असा प्रश्न येतोच. डिजिटल प्रतींनी अभ्यासाची मोठी सोय केली आहे, यात शंका नाही. पण स्कॅन करायला काय घ्यायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. म्हणजे टाळायची होती ती निवड इथे पुन्हा येते. शिवाय जुन्या वळणाचा बाळबोध ठसा किंवा शिळाछाप संगणकाला नीट वाचता येत नाही. त्यामुळे शब्द टाकून पुस्तक मिळाले नाही, म्हणजे ते नाहीच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पुस्तक जागेवर नसते, पाने फाटलेली असतात, परवानगीचे पत्र आणा म्हणून परत पाठवले जाते. कर्मचारी, जागा आणि जतनाचा खर्च यांची तरतूद वाढवल्याशिवाय हे सुधारणार नाही आणि ती मागणी अभ्यासकांनी लावून धरली पाहिजे. मात्र संग्रहातल्या उणिवांचा दोष एकट्या ग्रंथालयावर टाकता येत नाही. १९५४ च्या मूळ कायद्यात प्रत न पाठवणाऱ्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड आणि पुस्तकाची किंमत एवढीच शिक्षा आहे. एवढ्या दंडाची धास्ती कोण घेणार? प्रकाशकाने, आणि स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकानेही, प्रत पाठवली नाही, तर पन्नास वर्षांनी तिची नोंदही सापडणार नाही.

हे काम केवळ पीएचडी करणाऱ्यांचे नाही. गावाचा इतिहास लिहिणारा शिक्षक, नाटकमंडळीची परंपरा शोधणारा कलावंत, जुन्या पाककृती जुळवणारी गृहिणी यांचाही या संग्रहावर तितकाच हक्क आहे, कारण तो सार्वजनिक पैशावर उभा आहे. मुंबईच्या फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या वास्तूतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय असो किंवा १८३२ पासूनचा वारसा सांगणारे पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय असो, वापर दिसला नाही तर तरतुदीची मागणी दुबळी पडते. तेव्हा आपला प्रश्न नीट आखा, सूची पाहा, मागणीपत्रक भरा. आणि तुमचे स्वतःचे पुस्तक निघाले, तर त्याच्या प्रती कायद्याप्रमाणे जमा झाल्या की नाही, याची खात्री करून घ्या.