त्यालाच विचारा ना!

गेल्या रमजान ईदची गोष्ट. दुपारी अम्मीच्या माहेरकडच्या एक खाला भेटायला आल्या. सलाम-दुआ झाली, शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या. आमचा धाकटा भाऊ त्यांच्या समोरच व्हीलचेअरवर बसला होता. खालांनी मायेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अम्मीला विचारले, “हा गोड खातो का गं?”

धाकटा 23 वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला आहे. प्रश्न कानावर पडताच त्याने मांडीवरच्या मोबाईलवर उत्तर लिहायला घेतले. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हात त्याचे ऐकत नाही, जीभही वळत नाही. एक ओळ लिहायला त्याला मिनिटभर लागते. लिहिलेले मोबाईल मोठ्याने वाचून दाखवतो. पण तेवढ्यात अम्मी म्हणाली, “खातो, पण थोडंच.” गप्पा पुढे गेल्या, कुणाच्या तरी निकाहचा विषय निघाला. मग मोबाईल बोलला, “दोन वाट्या द्या.” सगळे हसले. तो हसला नाही.

रात्री घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज आला, “मी समोरच होतो. मला का नाही विचारलं?”

आम्हा भावंडांना त्या रात्री झोप लागली नाही. चूक खालांची नव्हती. त्यांना ती सवय आमच्याच घराने लावली होती. डॉक्टर, रिक्षावाला, कॉलेजचा क्लार्क, दुकानदार, सगळे आमच्याकडे पाहून प्रश्न विचारतात आणि आम्ही लगेच उत्तर देतो. प्रेमानेच देतो. पण 23 वर्षे आम्ही त्याच्या वतीने बोलत राहिलो आणि त्याला स्वतः काय म्हणायचे आहे, ते ऐकायला मात्र फारसे थांबलो नाही.

एका बोटाने लिहिलेले पुस्तक

ही खोड फक्त आपल्याकडची नाही. बीबीसी रेडिओवर 1977 ते 1998 या काळात अपंगांविषयी एक कार्यक्रम होत असे. त्याचे नावच होते ‘हा साखर घेतो का?’ अपंग माणूस समोर बसलेला असताना त्याच्या चहाची चौकशी सोबतच्या माणसाकडे करायची, या सवयीवरून ते नाव पडले होते. आमच्या घरात साखरेच्या जागी शीरखुर्मा होता, एवढेच.

आपल्या मुंबईत या सवयीला मालिनी चिब यांनी उत्तर दिले. त्यांचा जन्म 1966 चा. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्यांना सेरेब्रल पाल्सी झाली. अशा मुलांना शिकवण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नव्हती. म्हणून त्यांच्या आई मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. आज ती संस्था ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. वांद्रे रेक्लमेशनला तिचे केंद्र आहे.

मालिनी यांचे बोलणे अनोळखी माणसाला समजणे अवघड. पण हातांची बाकीची बोटे दगा देत असताना एक बोट त्यांच्या कामी आले. त्या एका बोटाने त्या टाइप करायला शिकल्या. सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवी घेतली, लंडनला जाऊन दोन विषयांत एम.ए.च्या दर्जाचे शिक्षण पुरे केले, मुंबईच्या ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये नोकरी केली. 2010 मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्याचे नाव ‘वन लिटल फिंगर’, म्हणजे एक छोटे बोट. ते सगळे पुस्तक त्याच बोटाने टाइप केलेले आहे.

या कथेतून ‘जिद्द असेल तर सगळे जमते’ असा धडा काढणे सोपे आहे. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट दिसते. ते एक बोट चालत असताना समोर कुणीतरी थांबले असेल, घाई न करता पुढच्या अक्षराची वाट पाहिली असेल, तेव्हाच ते बोलणे पुरे झाले असेल. जिद्द त्यांची होती. पण वाट पाहणे हे घरच्यांचे आणि मित्रांचे काम होते. ते काम आपण करतो का?

हातांची भाषा, बोटांचे वाचन

अडॅप्टच्याच परिसरात, वांद्रे रेक्लमेशनला, अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग हे 1971 पासून 1976 मध्ये इंतकाल होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. 1983 मध्ये सुरू झालेली ही संस्था कर्णबधिरांसाठी काम करते. कानाच्या तपासणीपासून शिक्षक घडवण्यापर्यंत तिचे काम चालते.

कर्णबधिर तरुणांची स्वतःची एक पूर्ण भाषा आहे, भारतीय सांकेतिक भाषा. दिल्लीच्या सरकारी केंद्राने 2021 मध्ये तिचा 10 हजार शब्दांचा कोश पुरा केला. पण किती घरांत अम्मी-अब्बांना त्यातले वीस शब्द तरी येतात? ‘जेव’, ‘चल’, ‘झोप’ एवढे हातवारे झाले की संपले. मुलगा किंवा मुलगी बाहेर मित्रांमध्ये तासन् तास हातांनी बोलते, हसते, भांडते, आणि घरी येऊन दस्तरखानावर गप्प बसते. गप्पा डोक्यावरून जातात. “काय झालं?” असे तिने खुणेने विचारले की आपण म्हणतो, “नंतर सांगते.” ते ‘नंतर’ कधी येत नाही.

पवईत 2015 मध्ये ‘मिर्ची अँड माइम’ नावाचे हॉटेल सुरू झाले, तेव्हा वाढणारे तरुण-तरुणी कर्णबधिर होते. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाची खूण दिलेली असे आणि गिऱ्हाईक हातानेच ऑर्डर देई. जी भाषा अनोळखी गिऱ्हाईक एका जेवणापुरती शिकू शकते, ती सख्ख्या भावाबहिणीला का जमू नये?

अंध तरुणांची गोष्टही अशीच. स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्याआधी अंध वाचकाला बातमी हवी तर कुणीतरी वाचून दाखवावी लागे. वाचणारा त्याला आवडेल तेवढेच वाची, कंटाळा आला की थांबे. आपल्याला हवे ते पान, हव्या त्या वेळी, एकट्याने वाचणे हे डोळसांना साधे वाटते. ज्याला ते पहिल्यांदा मिळते, त्याला त्याचे मोल कळते. आता मोबाईलही मराठी वाचून दाखवतो. मुलीला आलेला मेसेज तिच्या आधी भाऊ वाचतो, अशी वेळ येण्याचे काही कारण उरलेले नाही.

स्वतःचा पगार

जुहूला ‘कॅफे अर्पण’ आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टने तो 2018 मध्ये सुरू केला. तिथे काम करणाऱ्यांत ऑटिझम, डाउन सिंड्रोम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ मंडळी आहेत. ती स्वयंपाकघरात हात लावतात, टेबलावर खाणे आणून देतात आणि पगार घेतात. विशेष शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास संपते. मग पुढची चाळीस वर्षे घरात टीव्हीसमोर, ही आपल्या उपनगरांतल्या कितीतरी घरांची कहाणी आहे. नोकरीमुळे पैसे तर येतातच. शिवाय “आज काम जास्त होतं”, “मला सुट्टी हवी”, “अम्मीसाठी ओढणी घेतली” अशी वाक्ये आयुष्यात येतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखा दिवस असतो, तो बोलू लागतो.

उचलून नेलेले आवडत नाही

बोलायचे तर घराबाहेर पडावे लागते. आम्ही जोगेश्वरीला राहतो. लोकलला अपंगांसाठी राखीव डबा असतो, पण फलाट आणि डबा यांमधली फट व्हीलचेअरला ओलांडता येत नाही, आणि गर्दीच्या वेळी त्या डब्यातही भलतेच लोक चढलेले असतात. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहे आणि डबा फलाटाच्या पातळीला येतो. गेल्या वर्षी धाकटा अंधेरीहून घाटकोपरला गेला. मामेभाऊ सोबत होता, पण दहा पावले मागे. ही अट धाकट्याचीच. मेट्रोत काही अडले नाही. अडले ते स्टेशनबाहेर, जिथे फुटपाथवर मोटारसायकली आणि हातगाड्या उभ्या होत्या.

ऑक्टोबर 2023 मध्ये विराली मोदी यांचे लग्न नोंदवायचे होते. त्या व्हीलचेअर वापरतात आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. खारचे विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट नव्हती. अधिकारी खाली आले नाहीत. नवरीला दोन जिने उचलून न्यावे लागले. त्यांनी हे जाहीरपणे लिहिले तेव्हा उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. हे वाचून आम्हाला धाकट्याची आठवण झाली.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीला पाच पायऱ्या होत्या. दर जुम्याला चार जण त्याला खुर्चीसकट उचलून आत नेत. मोठ्या आपुलकीने नेत. हळूहळू तो जुम्याला यायचे टाळू लागला. आम्हाला वाटले, आळस आला. अब्बा रागावलेही. शेवटी एकदा विचारले, तेव्हा त्याने लिहिले, “सामानासारखं उचलतात. आधी विचारत पण नाहीत.” अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांकडे गेले. महिन्याभरात पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार झाला. आता त्यावरून म्हातारे नमाजीही येतात-जातात.

या बाबतीत आपल्याला शिकवण कमी नाही. सूरह अबसची पार्श्वभूमी आपण लहानपणापासून ऐकतो. कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध सहाबी अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारायला आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि त्यावर अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) जाणीव करून दिली. पुढे हेच सहाबी मदीनेत अजान देत. रमजानमध्ये त्यांची फज्रची अजान ऐकून लोक सहरी थांबवत. प्रेषित (स.) मदीनेबाहेर जाताना शहराची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवत. त्यांच्यावर नुसती दया केली गेली नाही. त्यांचा प्रश्न ऐकला गेला आणि त्यांना काम दिले गेले.

घरात काय करता येईल

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या 29 लाखांहून अधिक महाराष्ट्रात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण 3 वरून 4 टक्के केले. याच कायद्यानुसार अपंग व्यक्तीला इतरांइतकाच मालमत्तेचा आणि आपले पैसे स्वतः सांभाळण्याचा हक्क आहे. म्हणून अठरा वर्षे पुरी झाली की बँकेचे खाते त्याच्या नावावर असावे आणि पासबुक, एटीएम कार्ड त्याच्या हातात असावे. स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारे यूडीआयडी कार्ड अब्बांच्या कपाटात नव्हे, त्याच्या खिशात असावे.

बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घेता येते. याच न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. पण पालकत्वाचा कागद मिळाला म्हणजे कपड्यांचा रंगही आपणच ठरवायचा, असे नाही. दोन शर्ट समोर धरा. ज्याला बोलता येत नाही, तोही बोटाने दाखवतो.

आमच्या घरात आता एक नियम आहे. प्रश्न धाकट्यासाठी असेल तर बाकीच्यांनी मनात साठपर्यंत आकडे मोजायचे. सुरुवातीला अम्मीला हे फार जड गेले. तिचे ओठ हलत, शब्द ओठांवर येई. पण त्या मिनिटाने आम्हाला बरेच कळले. त्याला हिशेबाचे काम आवडत नाही, त्याला क्रिकेटवर लिहायचे आहे. चहा त्याला कधीच आवडला नव्हता, आम्ही तो वीस वर्षे पाजत होतो. आणि घरात सगळ्यांच्या निकाहचा विषय निघतो, त्याच्या कधीच नाही, हेही त्याने एकदा लिहिले. त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. पण प्रश्न आता घरात आला आहे, आणि तो त्याने स्वतः आणला आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी त्याला वाचायला दिला. नाव घालू का, असे विचारले. तो म्हणाला, “नको.” एक वाक्य त्याने काढायला लावले, ते काढले.

बकरी ईदला त्याच खाला पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी अम्मीकडे पाहिले नाही. खुर्ची धाकट्यासमोर ओढून घेतली आणि विचारले, “बेटा, बिर्याणी वाढू?” मग हातात डाव धरून त्या थांबल्या. आम्हीही थांबलो. आम्हा सगळ्यांना वाटत होते, तो ‘हो’ म्हणणार, बिर्याणी त्याच्या आवडीची. मिनिटभराने मोबाईल बोलला, “आत्ता नको, खालाजान. पोट भरलंय.”