खाटेजवळचे तास

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पारोळा तालुक्यातल्या गावाहून भाचीचा फोन आला. मार्क तिने नंतर सांगितले. आधी विचारलं, "मावशी, नॉन-क्रिमिलेयर मागच्या वर्षीचं चालेल का?" तेव्हाच मला कळलं, पोरगी बी. एस्सी. नर्सिंगला जायचं ठरवून बसली आहे. ही गोष्ट 2023 सालची.

प्रवेशाच्या अटी कागदावर सोप्या दिसतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. बारावी सायन्स, इंग्रजीत पास आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के, राखीव वर्गाला 40. त्यानंतर राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा, नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न. त्यातले वीस 'नर्सिंग अॅप्टिट्यूड'चे, म्हणजे या कामाकडे मुलीचा कल आहे का, हे पाहणारे. भाचीला धास्ती होती ती इंग्रजीच्या वीस प्रश्नांची. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि अकरावीत एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी, असा आमच्याकडच्या बहुतेक मुलींचा प्रवास असतो.

खरी दमछाक झाली ती कागदांची. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, मेडिकल फिटनेस. सेतू केंद्र, तहसील, प्रांत ऑफिस अशा चकरा मारून भाऊजींच्या शेतातल्या कामाचे किती दिवस बुडाले, ते त्यांनी कधी मोजले नाहीत. अॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेरीतूनच घ्यायची, हे मात्र आम्ही पहिल्यापासून धरून ठेवलं, आणि ते बरं झालं. 2024-25पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरू लागलं. मॅनेजमेंट कोट्यातून आत गेलेल्या मुलीला ही सवलत नाही. हा फरक गावातल्या आईबापांना वेळेवर कोणीतरी सांगायला हवा.

आणखी एक घोळ घरोघरी होतो. आमच्याकडे विद्यापीठ म्हटलं की बांभोरीजवळचं उमवि, आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ. नर्सिंगची पदवी तिथली नसते. ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. मेडिकल, डेंटल, आयुर्वेदासारखंच नर्सिंगही 1998मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाकडे आहे. अभ्यासक्रम मात्र दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला, आणि पदवीनंतर नाव नोंदवायचं ते मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. त्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. सायन्स नसलेल्या मुलींना जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, तीन वर्षांचा. त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते. भाचीच्या चुलत बहिणीने ती वाट धरली.

कॉलेज निवडताना सगळे जण इमारत बघतात, हॉस्टेल बघतात. मी भाऊजींना म्हटलं, आधी दवाखाना बघा. कौन्सिलचा नियम आहे, कॉलेजचं स्वतःचं निदान शंभर खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे किमान तीन पेशंट. पेशंटच नसतील तर पोर शिकणार कोणावर? शेवटी धुळ्यातलं कॉलेज मिळालं आणि ती माझ्याकडे राहायला आली.

तेव्हापासून हे शिक्षण मी स्वयंपाकघरातून पाहते आहे. पहिल्या सेमिस्टरला ती आमच्या पलंगावर चादरीचे कोपरे दुमडायची, पुन्हा उसकटायची, पुन्हा दुमडायची. सुरकुती राहिली की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते, हे तिने मला तेव्हाच सांगितलं. हात धुताना बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट असा क्रम तोंडाने म्हणायची. मग वॉर्ड सुरू झाले. सकाळी सातला डबा. दुपारी ती परत येताना चेहऱ्यावरून मला कळायचं की आज कोणीतरी गेलं.

दुसऱ्या वर्षी तिला टायफॉईड झाला. अकरा दिवस गेले. मी म्हटलं, "ऐंशी टक्के हजेरी लागते ना, तुझी भरते की." तेव्हा तिने नियम समजावला. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ऐंशी टक्के पुरतात. पदवी हातात पडायला मात्र प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के लागते. वर्गातला तास बुडला तर बुडला. खाटेजवळचा भरून द्यावाच लागतो. त्या दिवाळीत मैत्रिणी घरी गेल्या आणि ही वसुबारसेच्या दिवशी ऑर्थो वॉर्डात ड्युटी करत होती. मला वाईट वाटलं. पण मी आजारी पडेन तेव्हा माझ्या खाटेशी जी पोर उभी असेल, तिचेही तास असेच पुरते भरलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं. शेवटच्या सेमिस्टरला तर इंटर्नशिपच आहे, बावीस आठवडे, आठवड्याला 48 तास.

आता तिचा प्रसूतिशास्त्राचा अभ्यास चालू आहे. परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरीला तपासणीला घेऊन गेले, तर त्याच ओपीडीत भाचीची बॅच पोस्टिंगला होती. "मावशी!" अशी हाक आली आणि मी चटकन वळले. हाक माझ्यासाठी नव्हती, वॉर्डातल्या मावशींसाठी होती. भाचीने मला पाहिलं, हसली आणि कामाला लागली.

तिच्यासमोर साक्रीकडची एक बाई झोपली होती, दिवस भरत आलेले. "पोट दुखी ऱ्हायनं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाची अहिराणीतच बोलू लागली तशी बाई मोकळी झाली. रात्रीपासून दुखतंय, थांबून थांबून दुखतंय, सगळं सांगितलं. भाचीने तळवे एकमेकांवर घासून गरम केले, मग पोटावर ठेवले. पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने ती लॉगबुक घेऊन बाहेर आली. या वहीत प्रत्येक तपासणी, प्रत्येक बाळंतपण नोंदवायचं आणि प्रत्येक नोंदीखाली मॅडमची सही घ्यायची. ठरलेली संख्या भरली नाही तर पुढे सरकता येत नाही.

मॅडमनी नोंद वाचली. "बाळाचे ठोके किती वेळ मोजलेस?"

"पंधरा सेकंद, मॅडम. चारने गुणले."

मॅडमनी वही मिटून परत दिली. रागावल्या नाहीत. "पूर्ण मिनिट मोज. मधेच ठोके मंदावले तर पंधरा सेकंदांत कसं कळेल?"

भाची पडद्याआड परत गेली. "ताई, अजून एकदा ऐकते हां," एवढं ऐकू आलं. पडद्याखालून तिचे पांढरे बूट दिसत होते. बाकावर आम्ही पाच-सहा जणी होतो, कोणीच बोललं नाही. मीही भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिले.