वर्ध्याची पेढी, ॲमस्टरडॅमची कंपनी

नोव्हेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रियातल्या माटिगहोफन या लहान गावातल्या केटीएम मोटरसायकल कंपनीचं नियंत्रण बजाज ऑटोच्या हाती आलं. बातमी पुण्याची म्हणून छापून आली. आकुर्डी आणि चाकणचे कारखाने पाहता त्यात चूक काही नाही. पण बजाज घराण्याचा व्यापार वाढला तो वर्ध्यात. तिथले पेढीवाले सेठ बच्छराज यांनी राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातून नातू म्हणून दत्तक आणलेला मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. १९४५ साली स्थापन झालेल्या ज्या कंपनीची पुढे बजाज ऑटो झाली, तिचं पहिलं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वर्ध्याच्या पेढीवरच्या आजोबांचं नाव तिने लावलं होतं, आणि सुरुवातीचा तिचा धंदा परदेशातून दुचाकी-तीनचाकी मागवून विकण्याचा होता. १९६० साली इटलीच्या पियाज्योकडून व्हेस्पा स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला. तंत्र त्यांचं, अटी त्यांच्या. हा करार १९७१मध्ये संपला आणि मग चेतक आली. त्याच कंपनीने आज युरोपातली मोटरसायकल कंपनी ताब्यात घेतली आहे. ती कोणत्या वाटेने घेतली, हे वर्धा-हिंगणघाटच्या नव्या उद्योजकांनी नीट पाहावं असं मला वाटतं, कारण परदेशात कंपनी काढण्याच्या गोष्टी आता आपल्याकडेही सर्रास ऐकू येतात.

पहिली गोष्ट म्हणजे बजाजने केटीएमचे शेअर थेट पुण्यातून घेतले नाहीत. नेदरलँड्समध्ये ‘बजाज ऑटो इंटरनॅशनल होल्डिंग्ज बीव्ही’ नावाची पूर्ण मालकीची कंपनी उभी केली आणि नोव्हेंबर २००७मध्ये तिच्यामार्फत केटीएमचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. पुढच्या पाच-सहा वर्षांत तो ४८ टक्क्यांच्या आसपास गेला. बीव्ही म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी. तिथल्या नोटरीसमोर डच भाषेत स्थापनापत्र करायचं, व्यापार नोंदणी कार्यालयात नाव घालायचं, खरे मालक कोण ते जाहीर करायचं. २०१२पर्यंत किमान १८,००० युरो भांडवल लागे. त्यानंतर एका सेंटवरही कंपनी निघते.

मग मधे नेदरलँड्स कशाला? जगभरच्या कंपन्या हा देश निवडतात, त्याची कारणं उघड आहेत. पाच टक्के किंवा अधिक हिस्सा असलेल्या कंपनीकडून आलेल्या लाभांशावर आणि तो हिस्सा विकून झालेल्या नफ्यावर तिथे सहसा कर लागत नाही. युरोपीय संघातल्या एका देशातल्या कंपनीने दुसऱ्या देशातल्या मूळ कंपनीला दिलेला लाभांशही अटी पाळल्या तर कपातीविना जातो. भारत आणि नेदरलँड्स यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८८पासून आहे. शिवाय युरोत कर्ज काढायचं तर तिथली कंपनी ते स्वतःच्या नावावर काढू शकते. कायद्यात राहून केलेली ही रचना आहे. मात्र कंपनी म्हणजे नुसती दारावरची पाटी असेल, निर्णय घेणारी माणसं तिथे नसतील, तर करखातं सवलत नाकारतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही तपासणी सगळीकडे कडक झाली आहे, आणि ती व्हायलाच हवी होती.

परदेशात गुंतवणूक करणाऱ्याला बांधून ठेवणारे नियम खरं तर घरूनच सुरू होतात. परकीय चलनाची टंचाई होती तेव्हा भारतीय उद्योगाला बाहेर रोख पैसा नेताच येत नसे. १९६९च्या धोरणानुसार परदेशातल्या भागीदारीत आपला हिस्सा भारतीय यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यायचा, तोही कमी टक्क्यांचा. १९९२पासून ठरावीक रकमेपर्यंत आपोआप परवानगी मिळू लागली. २०००मध्ये परकीय चलन व्यवस्थापनाचा फेमा कायदा लागू झाला. पुढे रिझर्व्ह बँकेने मर्यादा कंपनीच्या नक्त मालमत्तेच्या पटीत बांधली आणि ती वाढवत २००७मध्ये ४०० टक्क्यांपर्यंत नेली. त्याच वर्षी बजाज माटिगहोफनला पोचली. २०२२च्या नव्या परदेशी गुंतवणूक नियमांतही हीच मर्यादा आहे. भांडवलाबरोबर कर्ज आणि हमीही तिच्यात मोजली जाते, हे विसरून चालत नाही. पाकिस्तानात गुंतवायचं तर आधी सरकारची मंजुरी लागते. जमिनींची खरेदी-विक्री आणि जुगार यांत भारतीय पैसा लावता येत नाही.

या गुंतवणुकीचं पहिलं फळ चाकणला दिसलं. केटीएमच्या लहान इंजिनाच्या ड्यूक तिथे बनू लागल्या आणि जगभर जाऊ लागल्या. जानेवारी २०२३मध्ये चाकणहून निघालेल्या केटीएमची संख्या दहा लाखांवर गेली. माटिगहोफनकडे शर्यतीच्या गाड्यांचं ज्ञान होतं, चाकणकडे कमी खर्चात उत्तम गाडी बनवण्याचं. पैशाच्या गुंतवणुकीपेक्षा ही जोडणी मोठी होती. परदेशी कंपनीचा तुकडा घेऊन तिथल्या संचालक मंडळात नुसतं बसून राहणाऱ्यांना असं काही मिळत नाही.

मग संकट आलं. मागणी घटली तरी गाड्या बनतच राहिल्या, गोदामं भरली, कर्ज फुगलं. २९ नोव्हेंबर २०२४ला केटीएमने रीड इम इन्क्राइस इथल्या न्यायालयात पुनर्रचनेचा अर्ज केला आणि डिसेंबरात उत्पादन थांबलं. फेब्रुवारी २०२५मध्ये धनकोंनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. म्हणजे शंभर युरो येणं असलेल्या पुरवठादाराला तीस मिळाले. मोठ्या बँका हा घाव सोसतात. केटीएमसाठी सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराचं काय झालं असेल, याचा विचार मनातून जात नाही. मर्यादित जबाबदारीची कंपनी मालकाचं घर वाचवते, पण नुकसान नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातं. जमनालाल ज्या वर्ध्यात गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेशी आपली संपत्ती ताडून पाहत राहिले, त्या वर्ध्याच्या माणसाने हा आकडा वाचताना थांबायला हवं.

धनकोंचे तीस टक्के भागवण्यासाठीसुद्धा मे २०२५पर्यंत पन्नास कोटी युरोंहून अधिक रक्कम हवी होती. बजाजने एकूण ८० कोटी युरोंचं अर्थसाहाय्य उभं केलं. त्यासाठीचं मोठं कर्ज नेदरलँड्सच्या त्याच कंपनीने परदेशी बँकांकडून घेतलं. अठरा वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या रचनेचा उपयोग इथे झाला.

पैसे दिले तरी नियंत्रण लगेच मिळालं नाही. ऑस्ट्रियाच्या दृष्टीने बजाज ही परकी गुंतवणूकदार. २०२०च्या तिथल्या कायद्यानुसार युरोपीय संघाबाहेरच्या कुणी संवेदनशील क्षेत्रांतल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, तर सरकारची मंजुरी लागते. तिथल्या टेकओव्हर आयोगाचा निर्णय हवा होता. या गुंतवणूकदाराला आपल्या देशाच्या सरकारकडून अनुदान मिळून स्पर्धा बिघडते का, हेही युरोपीय आयोग पाहतो. या सगळ्यात काही महिने गेले. आपण परदेशी कंपन्यांना भारतात ज्या प्रश्नांना सामोरं जायला लावतो, तेच प्रश्न आपल्याला तिकडे विचारले जातात, आणि त्यात अपमान वाटण्याजोगं काही नाही. १८६७मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचल्यावर व्होलकार्ट आणि राली यांसारख्या परदेशी पेढ्यांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांतातला कापूस उचलायला सुरुवात केली, तेव्हा शेतकऱ्याच्या वतीने असा एकही प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

हे झालं मोठ्यांचं. हिंगणघाटच्या सूत निर्यातदाराला किंवा पुलगावच्या सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलीला दुबई वा सिंगापूरला कंपनी काढायची असेल, तर कायदा तोच, मोजमाप लहान. व्यक्तीला दर आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. त्यातूनच परदेशातल्या कंपनीचे शेअर घ्यायचे, आणि ती कंपनी प्रत्यक्ष धंदा करणारी हवी. वित्तीय सेवा देणारी सहसा चालत नाही. वर्षात दहा लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर हाताशी पैसा लागतो. पहिली रक्कम जाण्यापूर्वी बँकेमार्फत नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे: दुबईला कंपनी काढली की कर तिकडचा लागतो. नाही. कंपनीचे खरे निर्णय वर्ध्यात बसून होत असतील तर ती भारतातलीच रहिवासी मानून तिच्या साऱ्या उत्पन्नावर इथे कर लागू शकतो. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना या नियमातून सूट आहे. पण लहान मालकालाही आयकर विवरणपत्रात परदेशातली मालमत्ता दाखवावी लागतेच. ती न दाखवल्यास दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद २०१५च्या काळा पैसा कायद्यात आहे.

आणि कंपनी बंद पडली, एक रुपयाचाही व्यवहार झाला नाही, तरी कागद थांबत नाहीत. परदेशातल्या कंपनीचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे जातो. तो राहिला तर विलंब शुल्क भरेपर्यंत पुढची रक्कम बाहेर जात नाही. शेअर विकले वा कंपनी गुंडाळली तर ३० दिवसांत कळवायचं, आणि आलेले पैसे ९० दिवसांत भारतात आणायचे. कंपनी काढून देणारा दलाल हे सांगत नाही. म्हणून परदेशात पहिला डॉलर पाठवण्याआधी आपल्या सीएला विचारायचा प्रश्न हा, की ही कंपनी बंद करायची वेळ आली तर किती महिने आणि किती पैसे लागतील.