चेनसॉचं इंजिन घरी बांधलं, पण नीट चालेना? बिघाड असा शोधा

आपण इथे बहुतेक वेळा मोबाईल आणि ॲपबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण खिशातला फोन यातही कामाला येतो.

मी राहुरी तालुक्यातला. माझ्या मामांकडे ५८ सीसीचा चेनसॉ आहे. गावात त्याला सगळे ‘कटर’च म्हणतात. बांधावरची बाभूळ, जुनी लिंबाची बाग, वाळलेली सुबाभूळ अशी लाकूडतोडीची कामं मामा करतात, त्यामुळे मशीन बंद म्हणजे रोज बंद. उन्हाळ्यात कोणीतरी घाईत त्यात बिनाऑईलचं पेट्रोल टाकलं आणि दहा मिनिटांत इंजिन जाम झालं. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. मी म्हटलं, “मामा, किट मागवू, घरीच बसवू.” मामा म्हणाले, “बसवशील रे, पण चाललं पाहिजे.”

बसवलं आणि चालूही झालं. पण थंड असताना एका झटक्यात सुरू होणारं मशीन पाच मिनिटांत विचित्र वागायला लागलं. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज लगेच खाली येईना, रेस न देता चेन फिरत राहायची आणि गरम झालं की बंद. मामा म्हणाले, “चालतंय ना, बाभूळ उरकून घेऊ.” मी नको म्हटलं. का ते पुढे कळेल.

आधी साध्या गोष्टी

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, दाब, आणि हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण. घरी खोललेल्या इंजिनात बहुतेक वेळा जोडणीतलीच चूक निघते, म्हणून या क्रमाने बघा.

१. ठिणगी: कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण ०.३ मिमी हवं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे धरून कॉइल कसली की काम होतं. फ्लायव्हीलची छोटी चावी तुटली असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते, तीही बघा.

२. दाब: मशीन बंद ठेवून स्टार्टरची दोरी धरून उचला. मशीन सावकाश, टप्प्याटप्प्याने खाली आलं पाहिजे. धाडकन खाली आलं तर दाब कमी आहे. गेज असेल तर १२० पीएसआयच्या वर चांगलं, ९० च्या खाली असेल तर पुन्हा खोलावं लागेल.

३. पिस्टनची दिशा: पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. रिंगची दोन्ही टोकं खाचेतल्या बारीक पिनवर बसली पाहिजेत. मफलर काढून फोनचा टॉर्च लावला की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन आणि रिंग सरळ दिसतात. फोटो काढून झूम करा.

४. पेट्रोल: महिनाभर बाटलीत पडलेलं पेट्रोल वापरू नका. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टू-टी ऑईल पुस्तिकेप्रमाणेच टाका. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली.

आमच्या मशीनमधे हे चारही ठीक निघालं.

फोनने आरपीएम मोजा

टू-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला एकदा स्फोट होतो. म्हणजे आवाजाची मूळ वारंवारता × ६० = आरपीएम. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो. मशीनपासून दोन-तीन मीटर लांब फोन ठेवा आणि सगळ्यात डावीकडचं ठळक टोक वाचा. उजवीकडची टोकं बहुधा त्याच्याच दुप्पट-तिप्पट असतात.

अशा मशीनचं आयडलिंग साधारण २,७०० ते ३,००० असतं, म्हणजे ४५ ते ५० हर्ट्झ. आमचं टोक ८० हर्ट्झवर होतं. ८० × ६० = ४,८००! एवढ्या फेऱ्यांना क्लच पकडतो, म्हणून चेन फिरत होती. आयडलिंगचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी आकडा फार उतरला नाही. याचा अर्थ कार्बोरेटर सोडून दुसरीकडूनही हवा आत येत होती.

ही हवा धोकादायक का?

टू-स्ट्रोकमधे वंगणाचं ऑईल पेट्रोलसोबतच आत जातं. जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि हवेच्या मानाने ऑईलही कमी पडतं. म्हणजे नवा पिस्टनही जुन्यासारखाच जळायचा. शिवाय हात ॲक्सिलरेटरवर नसताना चेन फिरणं म्हणजे पायाशी खेळ. बाभूळ उरकू दिली नाही ती यासाठी.

बीपीच्या मशीनने गळती शोधली

गॅरेजवाले यासाठी प्रेशर टेस्टर वापरतात. माझ्याकडे आईचं जुनं बीपीचं मशीन होतं, फुगा आणि घड्याळ एकाच नळीवर असणारं. (त्याला ऑईल लागतं, त्यामुळे ते परत बीपीला वापरू नका. आईची बोलणी मी खाल्ली आहेत.)

- मफलर आणि सिलेंडरच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून मफलर कसा.
- कार्बोरेटरच्या मागे तसाच तुकडा लावून ते तोंडही बंद करा.
- स्पार्क प्लग घट्ट असू द्या.
- क्रँककेसचा दाब कार्बोरेटरला देणारी बारीक नळी असते, तिला बीपीची नळी जोडा.
- २५० पर्यंत हवा भरा. हा दाब साधारण ०.३३ बार होतो. अर्धा मिनिट काटा हलता कामा नये.

पिस्टन खाली ठेवून पाहिलं, काटा जागेवर. मला वाटलं, गळती नाहीच! इथेच मी फसणार होतो. अशा मशीनमधे पिस्टन खाली असताना तो हवा आत येण्याचं भोक झाकून टाकतो, म्हणजे त्या बाजूची तपासणी झालेलीच नसते. दोरी हळूच ओढून पिस्टन वर आणला आणि परत हवा भरली. काटा सरसर खाली! साबणाचं पाणी लावलं, तर कार्बोरेटर आणि सिलेंडरमधल्या रबरी मॅनिफोल्डच्या घडीतून बुडबुडे. रबर वाकवलं तेव्हा चीर दिसली. सिलेंडर बदलताना मी तेच जुनं रबर परत बसवलं होतं.

बुडबुडे क्लच किंवा फ्लायव्हीलच्या बाजूने आले तर क्रँकचं सील गेलं समजा. काही सीलं दाब धरतात पण ओढीला हवा सोडतात. संशय राहिला तर व्हॅक्यूम पंप असलेल्या मेकॅनिककडे न्या.

शेवटची सेटिंग

गळती बंद झाल्यावरच स्क्रूंना हात लावा. एल आणि एच दोन्ही अलगद बंद करून पुस्तिकेत दिलेले फेरे सैल करा. बऱ्याच मशीनमधे ते एक ते दीड फेरा असतं. मग आयडलिंग लावा. चेन पूर्ण थांबली पाहिजे. पूर्ण रेसला पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ देऊ नका. नवीन पिस्टन असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्या मशीन फार वेळ फुल रेसवर ठेवू नका.

नवं रबर बसवल्यावर आमचं टोक ४८ हर्ट्झवर आलं, म्हणजे २,८८०. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज लगेच खाली. मामांनी पंधरा मिनिटं ओंडके कापले, मशीन बंद करून परत सुरू केलं. गरम असूनही दुसऱ्या झटक्यात चालू. ते एवढंच म्हणाले, “आता बाभूळ.”

एक सवय मात्र लावून घ्या. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि किट मागवताना रबर, गॅस्केट आणि सील सोबतच मागवा. महागाचा पिस्टन वाचतो तो या स्वस्त रबरांमुळेच.