फिट लपवू नका
आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या वस्त्यांत आम्ही पाहतो, मुलीला फिट आली की आधी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, मग भगत, दवाखाना शेवटी. बोभाटा झाला तर लग्न कोण करेल, ही खरी भीती. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे, बहुतेकांच्या फिट रोजच्या गोळ्यांनी थांबतात. आणि बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच निघाली!

डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते. म्हणून घरच्या एकाने मोबाईलवर चित्रण करावे: किती मिनिटे, आधी कोणता हात, शुद्ध होती का. दुसऱ्याने कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. चित्रण शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागून घ्या.